ईस्टरची अंडी आणि सार्वजनिक हिरवळ : एका बालोत्सवाच्या संयोजनाचा इतिहास

प्रस्तावना :

सणांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सणाच्या उगमाकडे वेधले जाते. सण कोठून आला, त्यामागे कोणती दैवतकथा आहे, त्याचे ऋतुचक्राशी कोणते नाते आहे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु सण प्रत्यक्षात कोण पार पाडतो, त्यासाठी जागा कोण देतो, आत कोणाला घेतले जाते आणि फाटकाबाहेर कोण उभे राहते, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतात. लहान मुलांच्या सणांविषयी तर हे विशेषच खरे आहे. तो केवळ मुलांचा खेळ आहे, असे गृहीत धरून इतिहासकार पुढे जातो.

प्रस्तुत निबंधात अशाच एका खेळाचा विचार केला आहे. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर. या सणाला मोठ्या माणसांनी रंगविलेली अंडी बागेत लपवावीत आणि मुलांनी टोपल्या घेऊन ती शोधावीत, अशी प्रथा पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. तिला 'एग हंट' म्हणजे अंडीशोध म्हणतात. हिरवळीच्या उतारावरून उकडलेली अंडी घरंगळत सोडण्याचा 'एग रोल' हा तिचा जवळचा नातेवाईक होय. मूळच्या या घरगुती गमतीचे सार्वजनिक कार्यक्रमात रूपांतर कसे झाले आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा शोध येथे घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या राजधानीतील, म्हणजे वॉशिंग्टन शहरातील उत्सव हे प्रमुख उदाहरण म्हणून निवडले आहे. कारण त्याचा सुमारे दीडशे वर्षांचा वृत्तान्त कायदा, वृत्तपत्रे आणि छायाचित्रे यांतून उपलब्ध आहे.

विवेचनाचे मुख्य सूत्र असे की, उत्सवाच्या संयोजनाचे नियम हीच इतिहासाची मोलाची साधने आहेत. नियम सहसा आधी सुचत नाही. काहीतरी बिनसल्यानंतर तो केला जातो. त्यामुळे नियमांची यादी वाचणे म्हणजे एका अर्थी समाजातील संघर्षांची यादी वाचणे होय.

उपवासकाळ आणि अंड्यांचा साठा :

ईस्टर आणि अंडी यांचा संबंध जोडताना नवजीवनाच्या प्रतीकाचा उल्लेख हमखास केला जातो. रिकाम्या कबरीचे प्रतीक म्हणूनही अंड्याकडे पाहिले गेले. परंतु या प्रतीकांमागे एक साधे व्यावहारिक कारणही होते. ईस्टरपूर्वी सुमारे चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जाई आणि त्यात मांसाबरोबरच अंडी व दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य असत. इ.स. ६९२ मधील धर्मपरिषदेने उपवासकाळात अंडी व चीज खाण्यास स्पष्ट मनाई केली होती. कोंबड्या मात्र उपवास पाळत नाहीत. वसंत ऋतूत दिवस मोठा होऊ लागला की त्यांचे अंडी घालण्याचे प्रमाण वाढते. परिणामी खाण्यास बंदी असलेल्या काळातच घरोघरी अंड्यांचा साठा होई आणि ईस्टरच्या दिवशी तो मोकळा होई.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या दरबारी हिशेबात इ.स. १२९० मध्ये ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च झाल्याची नोंद आढळते. ही अंडी सोन्याच्या वर्खाने व रंगांनी सजवून वाटण्यासाठी होती. म्हणजे अंडी रंगविणे आणि ती भेट देणे हे दोन्ही मध्ययुगापासून प्रचलित होते. ती लपवून मुलांना शोधायला लावण्याची प्रथा मात्र वेगळ्या प्रदेशात आणि बऱ्याच नंतरच्या काळात स्पष्टपणे दिसू लागते.

उगमकथा आणि पुरावा :

ईस्टरचा ससा व त्याची अंडी 'ईऑस्त्रे' नावाच्या प्राचीन देवतेकडून आली, अशी कथा आज सर्वत्र सांगितली जाते. या कथेचा पुरावा तपासणे उद्बोधक आहे. या देवतेचा प्राचीन उल्लेख एकच, तो म्हणजे इंग्रज धर्मोपदेशक बीड याने इ.स. ७२५ मध्ये कालगणनेवर लिहिलेल्या ग्रंथातील. एका महिन्याला या देवतेचे नाव होते, असे तो सांगतो. ससा किंवा अंडी यांचा त्यात मागमूस नाही. पुढे याकोब ग्रिम याने इ.स. १८३५ मध्ये जर्मन दैवतकथांवरील ग्रंथात या देवतेविषयी तर्क मांडला आणि त्यानंतरच्या लेखकांनी तिला सशाची जोड दिली. अर्थात, जी कथा प्राचीन म्हणून सांगितली जाते तिची आजची घडण एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्लंडच्या सणांचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनीही या देवतेविषयीच्या पुराव्याच्या तोकडेपणाकडे लक्ष वेधले आहे.

याउलट, अंडीशोधाचा भक्कम लेखी पुरावा मिळतो तो इ.स. १६८२ चा. गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्याने ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. आल्सास व आसपासच्या प्रदेशात ईस्टरचा ससा अंडी घालून ती बागेतील गवतात व झुडपांत लपवितो, असे मुलांना सांगितले जाते आणि मुले ती शोधतात, असे त्याने नोंदविले आहे. वैद्य असल्यामुळे त्याला अधिक काळजी होती ती अति अंडी खाल्ल्याने होणाऱ्या विकारांची! या खेळाच्या पहिल्या ठळक नोंदींपैकी एक नोंद आरोग्यविषयक इशाऱ्याच्या ओघात यावी, ही लक्षणीय बाब आहे.

घरच्या बागेतून सार्वजनिक मैदानाकडे :

प्रारंभी हा खेळ घरापुरता होता. घरच्या बागेत, घरच्याच मुलांसाठी, आईवडिलांनी अंडी लपवावीत असे त्याचे स्वरूप होते. वायमार येथे महाकवी गटे आपल्या बागेत पवित्र सप्ताहातील गुरुवारी गावातील मुलांना बोलावून त्यांच्यासाठी अंडी लपवीत असे. इ.स. १७८३ मधील अशा एका प्रसंगाचे वर्णन कवी फ्रीडरिख फॉन माटिसोन याने केले आहे. येथे यजमान एक आणि मुले अनेकांची, हा महत्त्वाचा बदल दिसतो. इंग्लंडमध्ये ही प्रथा जर्मन नात्यागोत्यातून आली. राणी व्हिक्टोरियाची आई जर्मन होती. इ.स. १८३३ च्या ईस्टरला आईने सजविलेली अंडी आपण शोधल्याचे तेरा वर्षांच्या व्हिक्टोरियाने रोजनिशीत नोंदविले आहे. पुढे तिने व प्रिन्स अल्बर्टने स्वतःच्या मुलांसाठी हीच प्रथा चालू ठेवली.

जर्मन वसाहतकऱ्यांबरोबर अठराव्या शतकात ईस्टरचा ससा पेनसिल्व्हेनियात पोहोचला. मुले टोपीची किंवा गवताची घरटी करून ठेवीत आणि सकाळी त्यांत रंगीत अंडी शोधीत. दुसरीकडे, उत्तर इंग्लंडमध्ये अंडी उतारावरून घरंगळत सोडण्याची लोकपरंपरा होती. लँकेशायरमधील प्रेस्टन येथील ॲव्हनम पार्कच्या उतारावर ती आजही पाळली जाते. अशा रीतीने लपविण्याची जर्मन परंपरा आणि घरंगळविण्याची ब्रिटिश परंपरा या दोन्ही अमेरिकेत एकत्र आल्या. यांतील दुसऱ्या परंपरेला उतार लागतो. घरच्या परसात उतार नसला तर मुले तो गावात शोधतात. वॉशिंग्टनमधील मुलांना तो सापडला संसदभवनाच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या आवारात.

१८७६ चा कायदा आणि १८७८ चा सोमवार :

ईस्टरनंतरच्या सोमवारी शहरातील मुलांनी कॅपिटॉलच्या हिरवळीवर जमावे, उकडलेली अंडी घरंगळत सोडावीत आणि स्वतःही उतारावरून लोळण घ्यावी, ही प्रथा १८७० च्या दशकात चांगलीच रुजली होती. तिला यजमान नव्हता, निमंत्रण नव्हते आणि नियमही नव्हते. त्याच सुमारास, इ.स. १८७४ पासून, प्रसिद्ध उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे या आवाराच्या नव्या आखणीचे काम सोपविण्यात आले होते. इ.स. १८७६ मध्ये ईस्टरचा सोमवार १७ एप्रिल रोजी आला. त्या दिवशी झालेल्या गर्दीने हिरवळीची नासधूस झाली. अवघ्या बारा दिवसांनी, २९ एप्रिल १८७६ रोजी, कॅपिटॉलच्या आवारातील गवताच्या संरक्षणाचा कायदा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या स्वाक्षरीने अस्तित्वात आला. त्यायोगे त्या आवाराचा खेळाचे मैदान म्हणून वापर करण्यास बंदी झाली.

मुलांच्या खेळावर देशाच्या संसदेने कायदा करावा, ही घटना विनोदी वाटण्याजोगी असली तरी तिचा आशय गंभीर आहे. सार्वजनिक जागा म्हणजे सर्वांनी वापरावयाची जागा, की सर्वांच्या वतीने जपून ठेवावयाची जागा, हा तो प्रश्न होय. गवत जपण्याची बाजू निराधार नव्हती; लोकांच्याच पैशातून ती हिरवळ तयार होत होती. परंतु ज्यांच्या नावाने ती जपावयाची त्या लोकांची मुलेच तेथून हाकलली जात होती.

इ.स. १८७७ मध्ये पावसामुळे खेळ झाला नाही आणि कायद्याची कसोटीही लागली नाही. २२ एप्रिल १८७८ रोजी मात्र टोपल्या घेऊन आलेल्या मुलांना कॅपिटॉलच्या पोलिसांनी परत पाठविले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी आपल्या निवासस्थानाची, म्हणजे व्हाइट हाउसची दक्षिणेकडील हिरवळ मुलांना खुली केली. प्रथेचा आरंभ डॉली मॅडिसन या पूर्वीच्या राष्ट्राध्यक्षपत्नीने केल्याची आख्यायिका सांगितली जाते. तथापि सलग सार्वजनिक परंपरेचा आरंभ १८७८ पासूनच धरावा लागतो. या घटनेचा एक परिणाम दूरगामी ठरला. संसदेच्या आवारात मुले आपला हक्क समजून येत होती. राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात ती पाहुणी म्हणून आली. यजमान मिळाला, तशी आदरातिथ्याबरोबर यजमानाची मर्जीही आली.

फाटकापाशी :

गर्दी वाढू लागली तसे नियम आले. इ.स. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या काळात जॉन फिलिप सूझा यांच्या नेतृत्वाखालील मरीन बँडचे वादन कार्यक्रमात समाविष्ट झाले. संगीत व राष्ट्राध्यक्षांचे दर्शन यांच्या ओढीने मोठी माणसेच मुलांपेक्षा अधिक येऊ लागतात की काय, अशी स्थिती झाली. म्हणून मुलाला सोबत घेऊन आल्याशिवाय प्रौढास प्रवेश नाही, असा नियम करण्यात आला. नियम निर्दोष दिसतो. परंतु शहरातील चलाख मुलांनी त्यावर तत्काळ उपाय शोधला. ती फाटकापाशी उभी राहून, ज्यांच्याजवळ मूल नाही अशा प्रौढांना काही नाणी घेऊन आत पोहोचवीत आणि बाहेर येऊन पुढचे गिऱ्हाईक गाठीत. मूल हेच प्रवेशपत्र ठरले की त्या प्रवेशपत्राचा बाजार भरतो, हे यातून दिसून येते.

फाटकावरचा दुसरा प्रश्न अधिक वेदनादायक होता. फ्रान्सेस बेंजामिन जॉन्स्टन यांनी इ.स. १८९८ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत या उत्सवात कृष्णवर्णीय मुलेही दिसतात. मात्र पुढील काळात वॉशिंग्टनमध्ये वंशभेदाची वागणूक अधिक कठोर झाली. शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांत ईस्टरच्या सोमवारी राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात एकत्र जमण्याची, शिदोरी सोडण्याची आणि मुलांसाठी अंड्यांचे खेळ मांडण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आपल्याला स्थान नव्हते म्हणून आपण येथे येऊ लागलो, अशी त्यामागची कौटुंबिक स्मृती आहे. इ.स. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षपत्नी मेमी आयझेनहॉवर यांना कुंपणाबाहेरून आत पाहणारी कृष्णवर्णीय मुले दिसली, त्यांनी कारण विचारले आणि पुढील वर्षी त्या मुलांना आत घेतले गेले, असा वृत्तान्त सांगितला जातो.

येथे छायाचित्र आणि स्मृती परस्परविरोधी वाटतात. परंतु तसे मानण्याचे कारण नाही. एका वर्षीच्या छायाचित्रात काही मुले दिसतात म्हणून प्रत्येक वर्षी प्रत्येकाला आत जाता येत होते, असे सिद्ध होत नाही. वगळण्यासाठी लेखी नियम असावाच लागतो असेही नाही. फाटकावरच्या माणसाची नजर पुरेशी असते. लेखी नियम हे इतिहासाचे साधन असले तरी न लिहिलेले नियम त्यांत सापडत नाहीत. तेथे मौखिक परंपरेचाच आधार घ्यावा लागतो. प्राणिसंग्रहालयातील मेळावा हा अशा अलिखित नियमाचा जिवंत दस्तऐवज म्हणता येईल. वगळल्या गेलेल्या समाजाने रडत न बसता स्वतःचा उत्सव उभा केला, हेही तो सांगतो.

खंड आणि बदल :

उत्सवात पडलेले खंडही बोलके आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नाची काटकसर हे राष्ट्रीय कर्तव्य ठरले आणि १९१८ ते १९२० या वर्षांत हा उत्सव झाला नाही. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या काळात तो पुन्हा सुरू झाला. दुसरे महायुद्ध, त्यानंतरची अन्नटंचाई आणि व्हाइट हाउसची दुरुस्ती या कारणांनी तो १९४१ नंतर त्या हिरवळीवर थेट १९५३ मध्ये भरला. जे अंडे मध्ययुगात उपवासामुळे साठत होते, ते विसाव्या शतकात युद्धामुळे दुर्मीळ झाले. अलीकडे साथरोगामुळे २०२० व २०२१ ही दोन वर्षे रिकामी गेली आणि २०२२ मध्ये मुले परत आली.

खेळाचे स्वरूपही पालटत गेले. इ.स. १९६९ मध्ये कर्मचाऱ्यांपैकी एकाला सशाचा वेष देऊन मुलांत फिरविण्यात आले. इ.स. १९७४ मध्ये स्वयंपाकघरातील चमचे आणून अंडी ढकलण्याच्या शर्यती लावण्यात आल्या. इ.स. १९८१ मध्ये नामवंतांच्या स्वाक्षऱ्या असलेली लाकडी अंडी लपवून मुलांकडून शोधून घेण्यात आली. पुढे लाकडी अंडे हीच या उत्सवाची आठवणभेट ठरली. इ.स. २००९ पासून प्रवेशिकांचे वाटप संगणकीय सोडतीने होऊ लागले. त्यापूर्वी प्रवेशिकांसाठी रात्रभर रांगेत उभे राहावे लागे. सोडतीमुळे दूरच्या राज्यांतील कुटुंबांना समान संधी मिळाली; रांगेतल्या चिकाटीची जागा नशिबाने घेतली.

सामुदायिक अंडीशोधाचे व्यवस्थापन :

वॉशिंग्टनचे उदाहरण भव्य असले तरी त्यातील प्रश्न गावोगावच्या अंडीशोधातही उद्भवतात. चर्च, नगरपालिका, वाचनालये व स्थानिक मंडळे असे कार्यक्रम भरवितात. त्यांच्या प्रमाणाची कल्पना फ्लोरिडातील विंटर हेवन येथील उदाहरणावरून येईल. तेथे १ एप्रिल २००७ रोजी ९,७५३ मुलांनी ५,०१,००० अंडी शोधली आणि जागतिक विक्रमाची नोंद झाली.

इतक्या मोठ्या प्रमाणावर 'लपविणे' शक्यच नसते. अंडी मैदानावर उघडी पसरली जातात, दोरी बांधली जाते आणि इशारा होताच मुले धावतात. शोधाची जागा धावपळ घेते आणि धावपळीत बळकटाची सरशी होते. कोलोरॅडो राज्यातील ओल्ड कोलोरॅडो सिटी येथील उद्यानात इ.स. २०११ मध्ये पालकांनीच आपल्या मुलांना अंडी मिळावीत म्हणून दोरी ओलांडली आणि काही क्षणांतच सारे संपले. संयोजकांनी इ.स. २०१२ चा कार्यक्रम रद्द केला. वॉशिंग्टनच्या फाटकावर मोठ्यांनी मुलांचा उपयोग आत शिरण्यासाठी केला होता. येथे मुलांच्या नावाने मोठेच धावले. सव्वाशे वर्षांच्या अंतराने प्रश्न तोच राहिला.

या अनुभवांतून संयोजनाचे काही संकेत रूढ झाले आहेत. वयानुसार गट पाडून प्रत्येकाला वेगळी जागा व वेगळी वेळ द्यावी, अगदी लहानांना आधी सोडावे, प्रत्येक मुलाने किती अंडी घ्यावीत याची मर्यादा ठरवावी, पालकांनी दोरीबाहेर थांबावे, असे हे संकेत आहेत. खरी उकडलेली अंडी वापरल्यास ती शीतकपाटाबाहेर दोन तासांहून अधिक राहिल्यास खाऊ नयेत, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. न सापडलेल्या अंड्यांचा प्रश्न तर सर्वांनाच सतावतो. म्हणून आत खाऊ घातलेली प्लॅस्टिकची पोकळ अंडी सोयीची ठरली. त्यांनी अन्नाचा प्रश्न सोडविला आणि कचऱ्याचा निर्माण केला. लपविलेल्या अंड्यांचा आकडा लिहून ठेवण्याची जुनी रीत दोन्ही बाबतींत उपयोगी पडते.

या संदर्भात एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील बॉम्बशोधक तंत्रज्ञांनी अंध मुलांसाठी आतून आवाज करणारी अंडी तयार केली. मूल कानाने माग काढते आणि अंड्यापर्यंत पोहोचते. येथे स्पर्धा नाही, घाईही नाही. दोरीवरून उडी मारणाऱ्या पालकांनी जे हिरावून घेतले, ते म्हणजे प्रत्यक्ष शोधण्याचा आनंद. तो या मुलांना पुरतेपणी मिळतो. दृष्टी असलेल्यांसाठी भरविलेल्या कित्येक कार्यक्रमांपेक्षा हा कार्यक्रम मूळ खेळाच्या अधिक जवळ आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडील ईस्टर :

महाराष्ट्र व गोव्यातील ख्रिस्ती समाजात ईस्टरचा केंद्रबिंदू उपासना, मध्यरात्रीचा विधी आणि कुटुंबाचे एकत्र भोजन हाच आहे. वांद्रे किंवा गोवा येथील बेकऱ्यांत साखरेच्या नक्षीने सजविलेली मार्झिपानची अंडी या दिवसांत मिळतात. म्हणजे आपल्याकडे अंडे आले ते मुख्यतः मिठाईच्या आणि भेटीच्या रूपाने. पाश्चात्त्य प्रथा जशीच्या तशी सर्वत्र पसरते, हा समज किती ढोबळ आहे हे यावरून ध्यानात यावे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अंडीशोधाची मुळे प्राचीन देवतेत शोधण्यापेक्षा उपवासकाळ, जर्मन कुटुंबजीवन व स्थलांतर यांत शोधणे पुराव्याशी सुसंगत आहे. दुसरी, खेळ घरातून सार्वजनिक जागेत आला तेव्हा जागा कोणाची आणि आत कोण येणार, हे प्रश्न अपरिहार्यपणे उभे राहिले. १८७६ चा कायदा, फाटकावरचा नियम, कुंपणाबाहेरची मुले आणि आजची सोडत ही त्यांचीच निरनिराळी उत्तरे होत. तिसरी, या उत्सवाला सर्वांत मोठा धोका मुलांच्या धांगडधिंग्याचा नसून मोठ्यांच्या हव्यासाचा व पूर्वग्रहाचा राहिला आहे.

आपल्या महाविद्यालयीन व सार्वजनिक उत्सवांच्या अभ्यासालाही ही दृष्टी लागू करता येईल. निमंत्रणपत्रिका, हिशेबवह्या, प्रवेशाचे नियम आणि सूचनाफलक ही साधने बहुधा उत्सव संपताच रद्दीत जातात. ती जपली पाहिजेत. आणि त्यांच्या बरोबरीने, ज्यांना निमंत्रणच मिळाले नाही त्यांच्या आठवणीही नोंदवून घेतल्या पाहिजेत. कुंपणाच्या आतील आनंदाचा इतिहास कुंपणाबाहेर उभे राहिलेल्यांना विचारल्यावाचून पुरा होत नाही.